दोन हातांचा फोरहँड

माझा जलम उचगावचा. पयलं एक सांगतो, आमच्याकडं बायका बी मी आलो, मी गेलो असंच बोलत्यात, पुण्यात पोरी लई हसायच्या मला, तर पावणं, तुम्ही हसू नका आन् लिवताना बदलू बी नका. नाव रंजना, घरात रंजी. आबा लोखंड ओतायच्या कारखान्यात, पुढं कागलची एमआयडीसी झाली तवा तिकडच्या कंपनीत गेलं, आई लोकांच्या शेतात भांगलायला जायची. घरात भिंतीवर बुद्ध आन् बाबासाहेब, आन् त्येच्या खाली आत्तीचा पळतानाचा फोटो. आत्ती म्हंजी आबांची थोरली बहीण. तिनं लगीन केलं न्हाय. कोल्हापुरात मंगळवार पेठेत एका शाळेत पीटीची बाई हुती, तिथंच खोली घिऊन ऱ्हायची.

त्या शाळेच्या मागं टेनिसचं एक कोर्ट हुतं, कुणी कवा बांधलं कुणास ठावं. पेठेत समदी फुटबॉलची येडी, टेनिस कोण खेळतंय, बायका त्या कोर्टावर मिरच्या वाळत घालायच्या. आत्ती कुठल्याशा कॅम्पला जाऊन टेनिस शिकून आलती, तिनं मिरच्या उचलायला लावल्या, त्येच्यावरनं भांडण झालं ते झालंच. मी चौथी झालो तशी उचगावला आली आन् आबांना म्हणाली, बाळू, ही पोरगी मला दे. आबा म्हणालं, अक्का, खेळून पोट भरतंय व्हय पोरीचं? आत्ती म्हणाली, मी पळून पळून नोकरी मिळवली न्हवं? आबांनी रागानं माझं दप्तर तिच्यापुढं टाकलं. तो राग लई वरसं ऱ्हायला, काय सांगू तुम्हास्नी, त्या रागातनंच पुढचं समदं झालं.

रॅकेट आत्तीची, मोठ्या माणसाची. माझ्या मनगटाला ती पेलायचीच न्हाय. उजव्या अंगाचा फटका, त्येला फोरहँड म्हणत्यात, तो समदं जग एका हातानं मारतंय, मी दोन्ही हातानं धरून मारायला लागलो. आत्ती म्हणाली, मार, बॉल पलीकडं गेला म्हंजी झालं. आन् बॉल असा जायचा म्हणून सांगतो, भिंतीवर बसल्याली पोरं दचकायची. ती पोरं म्हंजी आणिक एक ताप. मी जरा मोठी झालो, स्कर्ट घालून खेळायला लागलो, तशी भिंतीवर ही गर्दी. शिट्ट्या, नावं ठेवणं, माझी सर्व्हिस जाळीत जायाची.  आत्ती भिंतीजवळ गेली, माझ्याकडं पाठ केली आन् त्या पोरांच्या तोंडाकडं बघत हुबी ऱ्हायली, दिवस मावळस्तोवर. दुसऱ्या दिवशी परत. परत. हळूहळू भिंत मोकळी झाली. माझा खेळ तिनं त्या दिवसांत बगितलाच न्हाय, नुसता आवाजावरनं सांगायची, उशीर झाला, पाय हलीव.

मग जिल्हा झाला, राज्य झालं, आन् पुण्याच्या एका अकादमीनं बोलवलं. ऱ्हाणं, खाणं, कॉलेज, समदं त्येंच्याकडं. आबा पयल्यांदा खूश झालं, म्हणालं, आता कायतरी पदरात पडंल. तिथलं सर लई हुशार माणूस, खोटं कशाला बोलू. पयल्याच दिवशी म्हणालं, दोन हातानं जोर येतोय, पण लांबचा बॉल तुझ्या हाताला लागणार न्हाय, मोठ्या पोरी तिथंच मारणार, तवा एक हात सोड. आन् आत्तीला सांगितलं, बाई, आता तुम्ही मधी पडायचं न्हाय.

झालं. एका हातानं मारायला लागलो आन् हरायला लागलो. ज्या पोरींना हसत हसत हरवलतं त्या मला हरवून जाऊ लागल्या. बॉल येताना दिसला की डावा हात आपोआप रॅकेटकडं जायाचा, मी तो मागं वढायचो, तेवढ्यात बॉल गेला. आत्तीला एसटीडीवरनं फोन लावून रडायचो, तर ती म्हणायची, सर सांगत्यात तेच कर. मला तिचा बी राग यायला लागला. हिनं मला वाऱ्यावर सोडलं असं वाटायचं.

मग सोलापूरला एक स्पर्धा हुती. सर म्हणालं, रंजना, ह्या टायमाला पयल्याच फेरीत गेलीस तर मला वर काय सांगता यायचं न्हाय. म्हंजी घरी जा, आणिक काय. पयला सेट गेला. दुसऱ्यात बी एक-चारनं मागं पडलो. सर जाळीच्या मागं खुर्चीवर, हाताची घडी घालून.  डोळ्यापुढं आबांचं तोंड, उचगावला कसं सांगू. आन् समोरनं बॉल आला, आन् मी दोन्ही हात लावलं.

असा आवाज झाला बगा, माझा मलाच वळखीचा वाटला. सर उठून हुबं ऱ्हायलं. पुढचा बॉल, परत दोन हात. सर वरडलं, एक हात! पंचानं त्यांना ताकीद दिली, बाहेरनं शिकवायचं न्हाय म्हणून. मी वळून बगितलं न्हाय, बगितलं असतं तर हात सुटला असता. दर बॉलला वाटायचं, आता सोडावा, अजून बी सोडला तर सर माफ करतील. न्हाय सोडला. मॅच जिंकलो. सर जवळ आलं, आवाज चढवला न्हाय, येवढंच म्हणालं, आज जिंकलीस, पर आता तुझी वाट येगळी आन् माझी येगळी. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

कोल्हापूरला आलो. आबा सरळ आत्तीच्या दारात जाऊन तिला बोललं, पेठ गोळा झाली. तू माझी पोर ना घरची ठेवलीस ना बाहेरची, म्हणालं, आन् गेलं. तिथनं बहीण-भावाचं बोलणं बंद. ते गेल्यावर आत्तीनं माझ्या कानाखाली वाजवली. मी सर म्हणतील ते कर म्हणलं हुतं का न्हवतं? म्हणली. मी म्हटलं, मला जमंना आत्ती. तिनं उठून बॉलची पिशवी काढली. चल कोर्टावर, म्हणाली.

पुढं तिनं मुदतीच्या आधीच नोकरी सोडली आन् आम्ही दोघी फिरलो. दिल्ली, कलकत्ता, नंतर बँकॉक, ताश्कंद. तुम्हाला वाटतंय प्रोफेशनल म्हंजी विमान आन् टीव्ही. आम्ही रेल्वेच्या बाकड्यावर बसून चटणी-भाकरी खायचो आन् पुढचा ड्रॉ कसा पडतोय, म्हंजी गाठ कुणाशी, ह्याची काळजी करायचो. हरलं की त्याच दिवशी खोली सोडायची. पण रँकिंगच्या यादीत नाव वर सरकत हुतं, एकेक पायरी.

आन् मग स्पर्धा आमच्या कोल्हापूरलाच आली. मी फायनलला पोचलो. समोर कोण, तर सरांच्याच अकादमीतली पोरगी, होस्टेलला माझ्यासंगं ऱ्हायल्याली, उंच, हात लांब. सर पयल्या रांगंत. त्यांना माझं दुखणं म्हाईत, आन् ती पोरगी दर बॉल माझ्या उजव्या अंगाला लांब मारत हुती, दर बॉल. मी पळून पळून अर्धी झालो. वर आन् मंगळवार पेठ समदी आल्याली, फुटबॉलला वरडत्यात तशी वरडायली, पंच म्हणतोय शांत ऱ्हावा, पेठंला शांत म्हंजी काय ते म्हाईतच न्हाय की.  तिसरा सेट, मी पाच, ती सहा. पाणी प्यायला बसलो तवा दिसलं, गेटाजवळ आबा. कंपनीच्या ड्रेसवर, डबा हातात. कवाच आलं न्हवतं माझा खेळ बगायला. आत्ती ह्या टोकाला, आबा त्या टोकाला.

उठलो. तिनं परत लांब मारला, माझ्या आवाक्याच्या पार बाहेर. मी पळालो आन् डावा हात सुटला. मी सोडला न्हाय, सुटला. एका हातानं, जीव खाऊन, आन् बॉल तिच्या शेजारनं रेषेवर. पेठ खुळी झाली. सरांनी टाळी वाजवली, आपल्याच पोरीच्या इरुद्ध, मग वाजवल्यालं ध्यानात आलं तसं हात मांडीखाली घातलं.

तेवढा पॉइंट मी घेतला. मॅच तिनं घेतली, सात-पाच.

मी खाली मान घालून बॅग भरत हुतो. आबा आत आलं. मला वाटलं आता पेठंसमोर बोलणार. ते आत्तीपुढं जाऊन हुबं ऱ्हायलं आन् म्हणालं, अक्का, हिला घिऊन घरला चल, जेवायला. आत्ती म्हणाली, येतो. येवढंच. इतक्या वरसांनी येवढंच बोलली दोघं, आन् मी हरल्याल्या मॅचवर रडलो न्हवतो ते तिथं रडलो.

त्येच्यानंतर लांबच्या बॉलला एक हात, जवळच्याला दोन, असं बसवलं आम्ही. सरांचं बी खरं हुतं, माझं बी खरं हुतं, कळायला उशीर लागला. पुढच्या वरसी दिल्लीला जिंकलो, मग ताश्कंदला एक, जोडीनं खेळून आणिक काय काय. सर दिल्लीत भेटलं तवा पाया पडलो. त्यांनी इचारलं, बाई कशा हैत?

बाईंचं गुडघं गेल्यात. आता आत्ती उचगावला आमच्यातच असती, आबा आन् ती दिवसभर कशावरनं तरी भांडत्यात. ह्या सोमवारी मी बँकॉकला निघालोय, पयल्यांदाच एकटी. भ्या वाटतंय का म्हणून इचारलंसा, तर व्हय, वाटतंय. खांदा दुखतोय, समोर येणाऱ्या पोरी माझ्यापेक्षा लई ल्हान असत्यात, त्यांचं पाय दमत न्हाईत. काल आत्तीनं बोलवून डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, रंजे, माझ्यासाठी खेळलीस तेवढं बास झालं, आता तुला खेळावं वाटतंय तवर खेळ, आन् वाटंना झालं की सुखानं घरला ये, कुणाला इचारू नको.

मला अजून खेळावं वाटतंय, पावणं. बगू.