मुखरूभाऊले पह्यलेच मालूम असते

...अन् बर्फ तं पडणारच नं बाप्पा! नाताळच्या सुट्टीतला परदेशी पिच्चर हाय, पोट्टी शहरातली हाय, चाकाची बॅग ओढत गावात आली हाय, मंग बर्फ नाई पडणार तं काय धान पडन? तुम्हाले सांगतो, पिच्चर पाहणं एक अन् आमच्या मुखरूभाऊसोबत पिच्चर पाहणं एक. मी त्याच्या बाजूच्या क्वार्टरात राह्यतो, भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीत, मधात एकच भिंत, म्हंजे आपल्या घरी कानात बोळे घालून बसलं तरी सुटका नाई. पिच्चर सुरू होऊन दहा मिन्टं होत नाई तं हा भाऊ म्हंते, आता हे दोघं धडकतीन. धडकतेत! आता कुत्रा तिच्या आंगावर जाईन. जाते! मंग भिंतीवरच्या घड्याळाकडं पाह्यते अन् म्हंते, एक तास बारा मिन्टाले भांडण. एक तास तेरा मिन्टाले भांडण होते, एक मिनिट कायचं गेलं तं जाहिरातीचं! अन् मंग मांडीवर थाप, अन् मंग ते एकच वाक्य... "मले पह्यलेच मालूम होतं."

हिरो कुऱ्हाड घेऊन लाकडं फोडून राह्यला, लाल स्वेटर घालून, तं हा भाऊ म्हंते, आमच्या धानोऱ्याकडं असं झाड पाडलं असतं तं फॉरेस्टवाल्याइनं हिरो, कुऱ्हाड अन् लव्हस्टोरी, तिन्ही नाक्यावरच जमा करून घेतलं असतं. आता सांगा, असं ऐकल्यावर कोणाच्या डोळ्यात पाणी येईन? अन् त्याच्या बायकोले, चंदावहिनीले, तं रडाचं असते! त्या बाईले असे पिच्चर भलते आवडते. रविवारच्या दुपारी सारे भांडेकुंडे आटपून, पदर सारखा करून, बाई टीव्हीपुढं बसते, परदेशातले गोरे लोकं हिंदीत बोलून राह्यले असतेत, तिचा जीव त्याइच्यात अडकला असते, अन् बाजूनं नवरा सांगते, घाबरू नको, तो स्टेशनवर धावत जाईन. सत्तावीस वर्षं, तुम्हाले सांगतो, सत्तावीस वर्षांत त्या बाईनं एकबी शेवट सोताच्या डोळ्यानं पाह्यला नाई, सारे कानानं ऐकले.

तं झालं असं का दिवाळी झाली, गावच्या मंडईच्या जत्राबी झाल्या, अन् मुखरूभाऊची पुतणी दामिनी दहा दिवसांसाठी इथी आली. लहान भावाची पोट्टी, भाऊ धानोऱ्याकडं धानाची शेती करते, पोट्टी पुण्यात मोठ्या कंपनीत. आली ते कशी आली? चाकाची बॅग ओढत! गेटाजवळच्या नालीत बॅगचं चाक फसलं, कटकन तुटलं, पोट्टी मांगं सरकली, अन् मांगून येऊन राह्यला बिरजू, खांद्यावर गॅसचं सिलेंडर. धडक! सिलेंडर गडगडत माह्या दरवाज्यापर्यंत आलं, म्हणून तं मले सारं मालूम. मुखरूभाऊ ओट्यावर पेपर वाचत बसला होता, त्यानं पेपर घडी केला, चष्मा काढला अन् मोठ्या समाधानानं म्हणाला, "झालं सुरू."

हा बिरजू म्हंजे समोरच्या क्वार्टरातला, बिहारचा पोट्टा, तीन वर्षांपासून फॅक्टरीत, वागणं एकदम चांगलं. त्याले मराठी कोणं शिकवली? मुखरूभाऊनं! रोज ओट्यावर बसून दहा शब्द. येतो म्हंजे आता हूँ, जातो म्हंजे जाता हूँ, पोट्टी बोलली तं येते, जाते. पोट्ट्यानं वहीत लिहून घेतलं. पण आपल्याकडं गड्यालेबी 'तो येते' म्हंतेत, त्याच्यानं बिचारा येतो-येतेच्या मधात कायमचा लटकून राह्यला.

त्या दिवशी वहिनी चिडली. म्हणे, टीव्हीतलं पुरे नाई पडलं का, आता घरच्या पोट्टीचंबी सांगता? अन् मंग तिनं माह्यासमोर शर्त लावली. हे सारं शेवटपर्यंत पिच्चरसारखं झालं तं तिनं आयुष्यात पुन्हा नवऱ्याले 'चूप बसा' म्हणाचं नाई. अन् एकबी गोष्ट चुकली तं मुखरूभाऊनं पिच्चर चालू असला का ओट्यावर जाऊन बसाचं, अन् दरवाजा अंदरून बंद.

आता गंमत पाहा. दुसऱ्याच दिवशी भांडण! वहिनीनं गोळाभात केला, बेसनाचे गोळे घातलेला भात, बिरजूले बोलावलं, त्यानं चाटूनपुसून खाल्लं अन् म्हंते, खिचडी बहोत अच्छी हाय. खिचडी? आपल्या गोळाभाताले खिचडी म्हंते म्हणून पोट्टीनं दोन दिवस त्याच्याकडं पाह्यलं नाई. मुखरूभाऊ म्हणे, मले पह्यलेच मालूम होतं. वहिनी म्हणे, बर्फ कुठी हाय? भद्रावतीत बर्फ कुठून आणान? तं चौथ्या दिवशी आमच्या घरी आला पिंजारी, हिवाळ्याच्या गाद्या भराले, आंगणात लावली त्यानं मशीन, अन् वारा सुटला... निरा कापूसच कापूस! दामिनी ओट्यावर, बिरजू गेटात, दोघाइच्या केसात पांढरं, पांढरं, अन् तो जवळ येऊन तिच्या केसातला कापूस काढून राह्यला अन् ते काढू देऊन राह्यली. मुखरूभाऊ खुर्चीवरून ओरडला, "चंदा, बाहेर ये, बर्फ पडून राह्यला!"

सहाव्या दिवशी मोटारवाला पाह्यजे होता. पिच्चरमधी शहरातून एक मोटारवाला येते नं, तिले वापस न्याले? तो नाई आला, पण फोन आला, दामिनीच्या साहेबाचा, का सुट्टी कमी झाली, सोमवारी हजर व्हा. वहिनी म्हणे, हे चालणार नाई, साहेबाले नातू हाय. मुखरूभाऊ म्हणे, नातू असो का पणतू, ओढून राह्यला नं पुण्याकडं? बरं, ते मी मान्य केलं. पण पोट्टीचं तोंड पाहवत नव्हतं, अन् समोरच्या क्वार्टरात बिरजू एकच शर्ट तीनदा धुऊन राह्यला होता. दोघाइनंबी एकमेकाले एक शब्द सांगितला नव्हता. मुखरूभाऊ वरून हासत होता, पण अंदरून त्याचाबी जीव लागला होता बरं का, म्हणे, दिनेश, शर्त गेली खड्ड्यात, हे पोट्टं चांगलं हाय.

रविवार. अकराची चांद्याची बस, चांद्याहून रेल्वे. आमी सारे स्टँडवर. मुखरूभाऊनं मले कोपऱ्यात ओढलं, म्हणे, आता पाह्य, बस निघन अन् हा धावन. पोट्टी बसच्या पायरीवर उभी, डोळे भरलेले, बिरजूकडं पाहून म्हणाली, "येते मी." बिरजूचं तोंड फुललं! मान हलवली, म्हणाला, "हाव, या." अन् बस निघाली.

अन् हा पोट्टा बाकड्यावर बसला. आरामात! चहावाल्याले म्हंते, दोन चाय. मुखरूभाऊचा चेहरा पडला. जवळ जाऊन म्हंते, अबे धाव नं! बिरजू म्हंते, कायले धावू भाऊ, ते येते म्हणाली नं. तिची चाय थंडी होईन म्हणून झाकून ठेवली.

आता काय सांगू तुम्हाले! मुखरूभाऊनं कपाळाले हात लावला. त्यानंच शिकवलं होतं नं, येते म्हंजे आती हूँ! आपल्याकडं जाणारं माणूस जातो म्हणत नाई, येतो म्हंते, हे त्याले शिकवाचंच राह्यलं! तिकडं पोट्टी खिडकीतून पाहून राह्यली का मी रडून राह्यली अन् हा चहा पिऊन राह्यला. मुखरूभाऊ खाली बसला, बिरजूच्या खांद्यावर हात ठेवला अन् हळूच म्हणाला, "बेटा, आमच्यात जाताना येते म्हंतेत. ते गेली."

पोट्टा पांढराफटक! दोन्ही हातात दोन गिलास. मंग मुखरूभाऊच उठला. कोणाची स्कूटी? माही! मी चालवून राह्यलो, मधात बिरजू, मांगं अठ्ठावन्न वर्षांचा मुखरूभाऊ, गुडघा दुखते, चप्पल एकच, दुसरी स्टँडवरच राह्यली, अन् वहिनी मांगून ओरडून राह्यली का स्कूटी चालणार नाई, पिच्चरमधी हिरो पायानं धावते! घोडपेठच्या अलीकडं बस दिसली, आमी स्कूटी पुढं काढली, मी बसपुढं लावणार तं हा भाऊ म्हंते, थांब, शंभर पावलं पुढं जाऊन थांब. काऊन? तं म्हंते, हिरो धावत येते, स्कूटीवर येत नाई! उतरवलं पोट्ट्याले अन् मांगून ढकललं, धाव.

धावला बाप्पा! जीव तोडून धावला, बसपुढं हात आडवे करून उभा राह्यला. ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला, कंडक्टर खाली उतरला, म्हंते, कुठी जाचं हाय? पण हा कंडक्टरकडं पाह्यतच नाई, खिडकीजवळ गेला, श्वास पुरत नाई, सारी मराठी पोटातून गोळा केली अन् म्हणाला, "दामिनी, मीबी येते."

येते! पोट्टीवानी! सारी बस हासली, कोंबडी घेऊन बसलेली बुढी हासली, अन् दामिनी रडता रडता हासली. पदर नव्हता तं ओढणीनं डोळे पुसले, अन् म्हणाली, "येतो म्हण. अन् बस अंदर." कंडक्टर म्हंते, येतो का येते घरी ठरवा, मले टाइमावर पोचाचं हाय, अन् टनकन घंटी वाजवली. बस गेली, दोघंबी गेले. मुखरूभाऊ रस्त्याच्या मधात, एका चप्पलवर, दोन्ही हात वर करून नाचला, तुम्हाले सांगतो, नाचला! चांद्याहून बिरजूचा फोन आला का ती हो म्हणाली, धानोऱ्याहून लहान भावाचा होकार यायले दोन दिवस लागले, कॉलनीत पेढे वाटले, अन् वहिनीनं माह्यासमोर नवऱ्याले हात जोडून सांगितलं का शर्त तुमी जिंकली, आता तुम्हाले कोणीच चूप बसा म्हणणार नाई.

पुढच्या रविवारी हा भाऊ टीव्हीपुढं असा बसला, पाठीमांगं लोड, पाय पसरून, मलेबी बोलावलं, म्हणे ये, आज मोकळेपणानं सांगतो. पिच्चर लागला. पोट्टी गाडीतून उतरली. मुखरूभाऊनं खाकरून गळा साफ केला, घड्याळाकडं पाह्यलं, तोंड उघडलं...

वहिनीनं मानबी वळवली नाई. टीव्हीकडं पाहूनच म्हणाली, "दिनेशभाऊ, आता हे म्हंतीन, मले पह्यलेच मालूम होतं. मंग मांडीवर थाप मारतीन. मंग चहा मांगतीन, साखर कमी."

मुखरूभाऊचा हात मांडीच्या वरच थांबला. माह्याकडं पाह्यलं, तोंड मिटलं, हळूच हात खाली ठेवला. कारण काय सांगू तुम्हाले... त्याले खरंच चहाच मांगाचा होता.