सत्तेचाळीसच्या जागेवर

हॅलो? … हां आरती, बोल. मावशीच बोलतेय… घरघर होय? बेल्ह्यात आलेय ना. आज बाजार, टेम्पोच टेम्पो लागलेत… अगं, ऐंशी म्हणजे काय वय झालं? येते मी अजून.

ते राहू दे. शाळेच्या फाटकाशी लावायच्या दगडाचं काय ठरलं, ते सांग… हो, हो, स्वातंत्र्यसैनिकांच्या नावांचा तो. रामनाथचं नाव घेतलं का?

… दादाभाऊ नको म्हणाले? … ते समितीचे अध्यक्ष आहेत, ठाऊक आहे मला. पण का नको? … मथळा '१९४२ ते १९४७' आहे, आणि तुझा मामा सत्याग्रहाला गेला पंचावन्न साली, म्हणून बसत नाही. असं… आणि तू मान डोलावलीस. शाळेची हेडबाई तू, त्याची सख्खी भाची तू.

नाही, रागावले नाही. अगं ऐक ना.

मी दहा वर्षांची होते, तुमच्या शेजारीच राहायचे. साळुबाई, म्हणजे तुझी आजी, भाकरी बांधत होती आणि पुटपुटत होती. म्हणाली, "देश सुटला की रं. आता कुठं निघालास?" तर रामनाथ म्हणाला, "सगळा न्हाई सुटला, आये. गोवा ऱ्हायलाय." … एवढंच. हातात काठीसुद्धा नाही. पंधरा ऑगस्टला गोव्याच्या हद्दीवर मार खाल्ला त्यानं. आम्ही इथं शाळेत झेंड्याला सलामी देऊन चिरमुरे खात होतो, त्याच दिवशी. परत आला तो डावा पाय ओढत.

… काय? गोवेकर उशिरा जागे झाले? दादाभाऊ म्हणतात असं?

त्यांना म्हणावं, बैलबाजारात उभा जन्म गेला तुमचा, एवढं कळू नये? इंग्रज महायुद्धानं पार थकला होता. इथली माणसं ऐकेनात, फौजेचा भरवसा राहिला नाही, त्याच्या घरचे म्हणाले आता पुरे. मग आला दावं हातात धरून, बोलणी केली, गेला. पोर्तुगीज बाजारात यायलाच तयार नाही. म्हणे, हा बैल नव्हेच, हा माझा घरचा पोरगा. गोवा म्हणजे पोर्तुगालच. आणि घरी त्याच्या हुकूमशहा. तिथं पुरे म्हणणार कोण? … मग? गोव्यात बंडं काय कमी झाली? उशीर बांधलेल्यानं केला, का दावं धरून ठेवणाऱ्यानं?

… हो, गोवा सुटला एकसष्टला. आपली फौज गेली तेव्हा. पण पोर्तुगीजाची आफ्रिकेतली अंगोला, मोझांबिक कधी सुटली? … पंचाहत्तरला. आधी त्या हुकूमशहाचं राज्य उलथलं, मग.

मला कसं माहीत? मामाचा रेडिओ होता ना. अंगोलाची बातमी आली, तर त्या आठवड्याच्या बाजारात गूळ वाटला त्यानं. लोक विचारायचे, राव, लग्न कुणाचं? हा सांगायचा, अंगोला सुटला. हसायचे सगळे. सत्तेचाळीसचा गूळ रामनाथ आत्ता वाटतोय, म्हणायचे. संध्याकाळी उरलेला गूळ बैलांना चारून आला… रडत नाही गं. मशीनचा धुरळा गेला डोळ्यात.

… कसलं मशीन म्हणजे? दगड कापायचं.

… संपत पाथरवटाच्या शेडात आहे मी. सकाळपासून. बाजारात आलेय म्हणाले, ते खोटं नाही, शेड बाजाराला लागूनच आहे… नाही, दगड समोर नाही. खाली आहे. मी वर बसलेय.

… संपतला बोलू नको काही. बिचाऱ्यानं चहा दिला, हात जोडले. मीच म्हटलं, बाबा, तुझं मशीन दुसऱ्या दगडावर चालव. हा आज मिळायचा नाही.

तू फक्त एवढं कर. 'ते'च्या पुढं एकसष्ट, आणि नावांच्या शेवटी रामनाथ. मजकुराच्या कागदावर सही तुझीच आहे ना? … समितीला विचारून? विचार की. मला घाई नाही. पाठीला पोतं आहे, पिशवीत भाकरी आहे.

… दादाभाऊ निघाले? इकडं? … बरं झालं.

नाही, भांडायची नाही मी. मामा सांगायचा, सत्याग्रहींना निघतानाच शिकवलं होतं. हद्दीवर अडवलं की खाली बसायचं. शिवी द्यायची नाही, हात उगारायचा नाही आणि उठायचं नाही… उचलू देत की. दगडासकट उचलावं लागेल.

… कुठं बसलेय म्हणजे? अगं, मथळ्यात '१९४२ ते' एवढंच कोरून झालंय. सत्तेचाळीसची जागा अजून कोरी आहे. तिथंच बसलेय.

थांब, गाडी आली वाटतं… हो, तेच. ठेवते आता. दगड दोन्ही हातांनी धरायचाय.