धवलारीण आणि डीजे

तुम्ही काहीही म्हणा, व्हिडिओ एक्स्पोर्ट करण्यात अलिबागेत माझा हात धरणारा कोणी नाही. किहीमच्या नामाकाकांच्या मुलीची हळद होती, शूटिंग माझं, आणि काकांचा थोरला मुलगा बोटीवर नोकरीला. बोटीवरच्या नेटवरही अडकू नये म्हणून मी फाईल हलकी केली आणि ऑनलाइन टाकली.

थोड्या वेळात काकांचा फोन. "अरे, मानसं उड्या मारतात, पन आवाज न्हाय! पोराला काय मुका तमाशा दाखवतोस?"

डीजेच्या गाण्यांचे हक्क भलत्याचेच, म्हणून साइटने आवाजच बंद केला होता.

"काका, जेवून घ्या, तोवर आवाज आणतो."

त्याच हळदीत आमच्या धवलारणीने, बारकीआजीने, गायलेले लग्नाचे धवले माझ्याकडे रेकॉर्ड होते. तेच सगळ्या नाचावर लावले आणि पुन्हा एक्स्पोर्ट केलं. कोणाचीच हरकत आली नाही. बोटीवरून निरोप आला, "आजी गायली आणि घरी आल्यासारखं वाटलं."

पण तो व्हिडिओ आजीनेही बघितला. आता ती प्रत्येक लग्नघरात मोबाइल पुढे धरते.

"बघा, मी गायला लागले का आख्खा गाव नाचतो. डीजे कशाला पायजे?"