सायबानं मारलेली हाक

पन्नास सालच्या उन्हाळ्यात पनवेलच्या गुरांच्या दवाखान्यात बसलो होतो. शेजारी करंजा बंदरावरची एक कोळीण होती. तिच्या पायाशी वासराएवढा काळा, केसाळ कुत्रा पडला होता. समोर शेळी घेऊन आलेले एक पेन्शनर तिला विचारत होते.

"बाई, हा कुत्रा की अस्वल?"

"कुत्राच हाय, दादा. गोऱ्या सायबाचा. याचे वाडवडील थंड मुलखातल्या कोळ्यांची जाळी ओढायचे, असं सायब बोलायचा. बोटांमदी बदकावानी पडदं हायत, बघा."

"म्हणजे तुमच्यातलाच की!"

"तर! पोरं पवायला उतरली का मागून उडी टाकतो, आन् हात धरून काठाला आणतो. कोनी बुडत नसलं तरी."

"चावत नाही ना?"

"छ्या! मांजर याच्या थाळीत जेवतं. फकस्त ऊन सोसत नाय. दुपारचं वलं गोनपाट टाकते अंगावर."

"मग आज काय झालं?"

"खात नाय, दादा. सायब याला माझ्यापाशी सोडून त्याच्या देशाला गेला तवापासून खंगतोय. जेवायला हाक मारली का धक्क्यावर पळतो, नि दर्याकडं बघत बसतो."

"नाव काय याचं?"

"सायब नुसती शीळ घालून बोलवायचा, नाव इचारायचंच राहिलं. पन मचवा सुटला तवा सायब याच्याकडं बघून मोट्यानं वरडला, ते मी ध्यानात ठेवलं."

"काय ओरडला?"

"गुडबाय."

कुत्रा धडपडत उठला आणि दाराशी जाऊन उभा राहिला.

"बाई, याला दुसरं एखादं नाव ठेवा."

"नाय वो, दादा. सायबाचं तेवढंच तर हाय त्याच्यापाशी."