विषाचा उतार

मोरिओकाच्या इस्पितळात अतिदक्षता विभागाबाहेर तोमिएआजी नवऱ्यासाठी बसल्या होत्या. शेजारी दोघं बहीणभाऊ डॉक्टरीणबाईंशी बोलत होते.

"डॉक्टर, रक्त गाळणीतून फिरवल्यावर आईचं कसं आहे?"

"जंतूंनी रक्तात सोडलेलं विष पुन्हा मोजलं. पुष्कळ उतरलंय. नुसत्या आकड्यावर मी बोलले नसते, पण रक्तदाबही सावरलाय."

"म्हणजे वाचेल?"

"वाचतील. काल मी असं म्हणाले नव्हते."

"ऐकलंस ना, ताई? तो सुतकाचा किमोनो परत कपाटात ठेव."

"हळू बोल. आईच्या कानावर गेलं तर मलाच घराबाहेर काढेल."

डॉक्टरीणबाई वळल्या, तशा आजी उठल्या.

"बाई, आमच्या म्हाताऱ्याचंही विष मोजाल का?"

"मोजलंय, आजी. बरंच आहे. म्हणूनच आता त्यांना गाळणी लावतेय."

"लावा. आकडा उतरला की आधी मला सांगा."