बाबाच्या छातीवरची रेष

आता मला सांगा, सरळ रेष मारणं हा गुन्हा आहे का? नाय, तुमीच सांगा. मी भाविक, मुरबाडला गाड्यांच्या नंबरप्लेटी रंगवतो, नववीत शाळा सुटली तेव्हापासून रंगवतो, आठ वर्षं झाली, आणि ह्या आठ वर्षांत एक माणूस येऊन म्हणाला नाय की भाविक, तुझी रेष वाकडी गेली. वाकडी गेली असती तर बरं झालं असतं हो... पहिल्याच दिवशी कोणाच्या तरी नजरेत आली असती. सरळ होती, म्हणून तीन दिवस कोणी बघितलंच नाय.

थांबा, पहिल्यापासून सांगतो. मला चार लोकांत बोलायची सवय नाय, दिवसभर मी पत्र्यासमोर बसलेला असतो आणि पत्रा उलटून काय विचारत नाय, तेव्हा मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

माझा बाबा, कमळू. आमचं घर वैशाखऱ्याला, माळशेजच्या रस्त्यावर. दिवाळीनंतर बाबाच्या घशाखाली भाकरी उतरंना. आधी म्हणाला भाकरी कडक झाली, मग म्हणाला आमटी कमी आहे, मग काय म्हणंना, ताट नुसतं पुढं सरकवायला लागला. तपासलं तर अन्ननळीत गाठ. तोच आजार. आमच्याकडं त्याचं नाव घेत नाय, नाव घेतलं की तो घर विचारत येतो म्हणतात, जसं काय न घेतल्यावर त्याला पत्ता सापडत नाय.

डॉक्टर म्हणाले, अठ्ठावीस शेक. रेडिएशनला आमच्याकडं शेक म्हणतात. सोमवार ते शुक्रवार रोज, शनिवार-रविवार सुट्टी. वैशाखऱ्याहून हॉस्पिटलला जाऊन-येऊन सहा तास, आणि शेक किती वेळाचा? दहा मिनिटांचा. पहिल्या दिवशी बाबा बाहेर आला आणि म्हणाला, "झालं? एवढ्या वेळात तर माझी लघवी पण होत नाय."

आणि ती रेष त्याआधीच, स्कॅनच्या दिवशी मारलेली. मशीनवर संघरत्ना ताई, आमच्या शेजारच्या तालुक्याची, शहापूरची. तिनं बाबाला आडवा केला, भिंतीतून हिरव्या उजेडाचा दोरा आला, तो बाबाच्या अंगावर जिथं पडला तिथं तिनं जांभळ्या शाईनं फुल्या मारल्या. एक छातीवर मधोमध, एक-एक दोन्ही कुशींवर. त्यांनाच तिथं सगळे रेष म्हणतात. मशीनला म्हणे गाठ दिसत नाय, रोज त्या फुल्या उजेडाच्या दोऱ्याला लावायच्या, मग शेक बरोबर गाठीवर. आणि ताईनं बजावलं, "पाणी लावायचं नाही, साबण लावायचा नाही, रेष पुसायची नाही. पुसली तर परत स्कॅन, परत नंबर, आणि नंबर कधी लागेल ते मी सांगू शकत नाही. काका, कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"रेष पुसायची नाय."

झालं. बाबानं ते असं धरलं की विचारू नका. बनियन सैल घालायचा, घाम आला की पंख्याखाली जाऊन उभा राहायचा. गावात कोणी म्हणालं, कमळूदा वास येतो रे, तर म्हणायचा, येऊ दे, रेष पुसायची नाय. सोळा शेक झाले. सोळाव्याला बाबानं मऊ भात खाल्ला, वाटीभर, आणि वाटी मला दाखवली. पहिलीतलं पोर पाटी दाखवतं ना, तशी.

...आणि त्याच आठवड्यात शनिवारी रात्री सोमाकाका गेला.

सोमाकाका म्हणजे बाबाचा लहानपणापासूनचा दोस्त, शेजारच्या पाड्यावरचा. त्याला हाच आजार, बाबाच्या आधी. तेच हॉस्पिटल, तीच ताई. अकरा शेक घेतले आणि त्याची भाकरी उतरायला लागली. आता भाकरी उतरली म्हणजे माणूस बरा, असंच ना? शेतात भात कापायला आलेलं, कोण जातो रोज सहा तास? उरलेले सतरा त्यानं घेतलेच नाय. आमी सगळे म्हणालो, सोमा सुटला. मी पण म्हणालो. मी तर त्याला म्हणालो, काका, मस्त दिसतोस.

रविवारी सकाळी मयत. मी म्हणालो, बाबा, तू जाऊ नको. बाबा म्हणाला, "त्या मशीनखाली कसं पडून राहायचं ते मला सोमानं शिकवलं. डोळे मिटून शेताचे बांध मोजायचे, भीती वाटत नाय. आन मी त्याला लाकूड द्यायला नको जाऊ?" मी दुकानाची एक प्लेट द्यायची होती म्हणून मुरबाडला गेलो. तीच चूक. म्हणजे तीच एक नाय, पुढं आणखी आहेत.

आमच्यात मयताहून आलेला माणूस कोरडा घरात घेत नाय. आणि दारात कोण, तर बाईजा आत्या. बाबाची थोरली बहीण, बाबाच काय, गावचा सरपंच पण तिच्यासमोर चपला हातात घेतो. हंडा भरून उभी. बाबानं छातीवर हात ठेवला.

"हात काढ रे कमळू."

"बाय, रेष हाय."

"रेष? लक्ष्मणानं मारली काय?"

"डॉक्टरनं."

"मग डॉक्टरला सांग, सोमाचं वारं अंगावर घेऊन आलास तर तो तुला घरात घेईल का बघ. सोमा त्याच दुखण्यानं गेला. तेच घेऊन उंबऱ्यात येतोस? वाक खाली."

आणि नुसतं पाणी नाय ओतलं हो, चोळला त्याला. साबणानं, नारळाच्या काथ्यानं. भावाला वाचवायचं म्हणून जीव लावून चोळला.

मी आलो तर बाबा ओट्यावर उघडा बसलेला, छाती स्वच्छ. नवी कोरी प्लेट, नंबर न टाकलेली. माझ्याकडं बघून म्हणाला, "पुसली रे."

आता तुमी माझ्या जागी असता तर काय केलं असतं? खरं सांगायचं, हो ना? पण खरं सांगितलं की परत स्कॅन, परत नंबर, आणि मधे शेक बंद. शेक बंद म्हणजे काय ते बाबा सकाळीच बघून आलेला, तिरडीवर. आणि मला एकच गोष्ट येते या जगात...

जांभळा मार्कर आणला, पक्क्या शाईचा. स्टीलची पट्टी घेतली. बाबाला खाटेवर आडवा केला आणि विचारलं, कुठं होती? बाबा म्हणाला, "मला काय माहीत, माझी छाती मी थोडीच बघतो." मला आठवत होतं, डाव्या तिळाच्या खाली दोन बोटं. आत्या म्हणाली, दोन नाय, तीन. मी म्हणालो, कोणाची बोटं? आत्या म्हणाली, माझी, मीच चोळली ना. बाबा म्हणाला, "अडीच करा आन मला उठू द्या, थंडी वाजते."

अडीच केली. मारली. दोन्ही कुशींवर पण मारल्या. काटकोनात, एकाच जाडीची, कुठं ओघळ नाय. तुमाला सांगतो, हॉस्पिटलपेक्षा देखणी. आणि लाज वाटते सांगायला, पण मारताना मला आनंद झाला.

सोमवारी संघरत्ना ताईनं बघितली. ताई म्हणाली, "अरे वा, आज रेष किती छान. हरेशनी शुक्रवारी गडद केली वाटतं. त्याचा हात बसला म्हणायचा." हरेश म्हणजे तिथला दुसरा माणूस. बाबानं छताकडं बघितलं. मी फरशीकडं. शेक दिला. मंगळवारी दिला. बुधवारी दिला. आणि बुधवारी बाबा भात गिळताना थांबला, छातीवर डावीकडं हात ठेवला, म्हणाला, "इथं जळजळतं रे." मी म्हणालो, शेक आहे, जळजळणारच. दुसरं काय म्हणणार?

गुरुवारी आमी नंबराची वाट बघत बसलो होतो, तर तिथं एक मुलगी आली, अपेक्षा मॅडम, हातात फॉर्म. काय तर अभ्यास चाललाय. शेक घेणाऱ्यांचं पुढं काय होतं, लांबच्या गावच्या माणसाला जवळच्याइतकाच गुण येतो का, आणि मशीन चालवणाऱ्यांना किती थकवा येतो. तिचं बोलणं एकदम रेडिओसारखं. "उपचारादरम्यान काही अडथळा आला का? आपलं नाव कुठंही येणार नाही." मी म्हणालो, नाय. "प्रवासाचा त्रास?" नाय. "आहारात बदल?" नाय. मला तेवढंच येतं लोकांसमोर.

मग ती उठली आणि पडद्यापलीकडं संघरत्ना ताईकडं गेली. ताई डबा खात होती, उभ्यानं. मला सगळं ऐकू येत होतं.

"गेल्या दोन आठवड्यांत कामात लक्ष लागलं नाही असं किती वेळा झालं?"

ताईनं आधी तोंडातला घास संपवला. मग म्हणाली, "रोज लिहा. दुसरं मशीन बंद, दोन माणसं सोडून गेली. दिवसाला सत्तर पेशंट. खरं सांगू? आता मला माणूस दिसतच नाही. रेष दिसते. रेष चांगली असली की मी बटण दाबते."

तुमाला सांगतो, मी आयुष्यात कोणाच्या मधे बोललेलो नाय. पडदा सरकवला आणि म्हणालो, ताई, ती रेष मी मारली.

ताईचा घास हातातच राहिला. अपेक्षा मॅडमनं फॉर्म वरून खाली बघितला, खालून वर बघितला. त्यात तसा प्रश्नच नव्हता.

बाबाचा फोटो काढला मशीनवर. दोन सेंटीमीटर चुकली होती. वरखाली बरोबर होती बरं का, अडीच बोटं बरोबर होती, डावीकडं गेली होती. आणि डावीकडं काय असतं ते मला नववीपर्यंत शिकवलं होतं. डॉक्टर रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. रागावले नाय. हळू आवाजात म्हणाले, "तीन दिवसांचा काय परिणाम ते लगेच नाही कळणार. बघू." आणि बाबाच्या खांद्यावर हात ठेवला. डॉक्टर खांद्यावर हात ठेवतो तेव्हा काय समजायचं असतं, कोणाला माहीत आहे का?

परत स्कॅन, परत रेष, परत नंबर. नंबर एकोणीस दिवसांनी.

निघताना ताई माझ्यामागं आली. मला वाटलं, आता. पण ती म्हणाली, "बघायला मी हवं होतं. ते मी लिहून दिलंय साहेबांना." मग म्हणाली, "अक्षर पण चांगलं काढतोस का?" आणि मला बोर्ड रंगवायला दिला, बाहेर बाकांच्या समोर लावायला. 'रेष पुसू नये. पुसली तर लगेच सांगा. कोणी रागावणार नाही.' शेवटची ओळ तिनं मोठी करायला लावली. लावलाय आता. जाऊन बघा, एक अक्षर वाकडं नाय.

आज अकरावा दिवस. बाबा परत पेजेवर आलाय. वाटी दाखवत नाय. ओट्यावर बसतो, छातीवर नवी रेष, थोडी वाकडीच आहे, ताईच्या हातची. बाईजा आत्या लांबून बघते, जवळ जात नाय, पाण्याचा तांब्या पण जमिनीवर ठेवून सरकवते.

काल मी त्याच्याजवळ बसलो आणि म्हणालो, बाबा, माझं चुकलं. बाबाचे डोळे मिटलेले, बांध मोजत असंल. मग म्हणाला, "ते जाऊ दे. एक लक्षात ठेव. माझ्या मयताहून येशील ना, तवा आत्या म्हणंल तशी आंघोळ कर. चांगली चोळून कर. तुझ्या अंगावर कुठं रेष हाय."

मी म्हणालो, बरं.