लाल दिव्यामागचा डबा

हलू नका साहेब — हलू नका म्हणतो ना, तो केबल टाय हाय, जेवढा ओढाल तेवढा मनगटात शिरेल. पोलिसांना फोन केलाय, येतायत, तोवर असेच पडून राहा गाड्या उचलायच्या लिफ्टच्या खांबाला टेकून. गुडघा दुखतोय? दुखणारच, जॅकचा रॉड बसलाय त्याच्यावर. माझा कान बघा की, अर्धा लोंबतोय, शर्ट भिजला सगळा. आत शिरलात ते पाना उचलूनच, बोलणं नाय चालणं नाय, पहिला घाव गाडीच्या काचेवर, दुसरा माझ्या डोक्यावर — 'माझी बायको कुठं हाय? बोल, कुठं पाठवलीस?' नाय सांगणार. हे उरलेले दात पाडलेत तरी नाय सांगणार. शुक्रवारची सुट्टी हाय, एमआयडीसी बंद, बाजूची गॅरेजं बंद, तुमाला वाटलं प्रदीप एकटा सापडला. अहो मी मुरबे गावचा, मिसरूड फुटायच्या आधीपासून होड्या ओढल्यात या हातांनी.

काय झालं ते तरी ऐका. नाय ऐकायचं? मग जाणार कुठं? सकाळी ती आली, मोनालीताई — मी आधी कधी बघितलेली पण नाय तिला. गाडीतून उतरायच्या आधीच म्हणते, दादा, हा लाल दिवा विझवून द्या, ते नाईट करून झोपलेत, ते उठायच्या आत. बघितलं तर एअरबॅगचा दिवा. म्हटलं ताई, हा नुसता विझवायचा नसतो, का पेटला ते शोधावं लागतं, उद्या गाडी ठोकली आणि फुगा उघडला नाय तर तोंड स्टिअरिंगवर फुटेल. तर म्हणते, ते नंतर बघू हो, पण दिवा दिसला तर मारतील मला, म्हणतील तूच कायतरी केलंस. 'मारतील' — असं सरळ म्हणाली, पाणी द्या म्हणावं तसं.

स्कॅनर लावला, कोड पुसला, गाडी चालू केली — परत पेटला. सीटखालचा पिवळा कनेक्टर बघितला, बहुतेक तोच ढिला होतो, तर तो ठणठणीत. म्हटलं बेल्टचं बक्कल बघू, ताई, जरा बेल्ट लावा. तिला लावता येईना. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी, जोरच लागेना. काय झालं विचारलं, तर म्हणाली गाडीच्या दारात सापडली. बरं, सापडली. मी पुढच्या कामाला लागलो. मग मागून म्हणते — सापडली नाय दादा. त्यांनी हात धरून ठेवला, मग दार लावलं. दोनदा. — हेच दार ना साहेब? हेच ना? मी तिच्यादेखत हलवून बघितलं. जड हाय हो दार.

मग मी डॅशबोर्डच उघडला. खालचं कव्हर काढलं, मीटर घेऊन एकेक वायर तपासत गेलो. एअरबॅगच्या अर्थिंगची वायर जिथं बॉडीला बोल्टनं बसते ना, तो बोल्ट कुणीतरी सोडलेला, आणि त्याच्याखाली एक परकी काळी वायर कोंबून परत अर्धवट आवळलेला. अर्थिंग धड मिळत नाय, म्हणून दिवा. ती वायर धरून धरून गेलो तर रेडिओच्या पाठी चिकटपट्टीत गुंडाळलेला डबा, काड्यापेटीएवढा. आत सिमकार्ड आणि बारीकसा माईक. गाडी कुठं हाय ते दाखवणार, आत कोण काय बोलतं ते ऐकवणार. मी पहिली वायर तोडली, मगच तोंड उघडलं. तुमी उठलात, डबा बंद दिसला, शेवटचं ठिकाण माझं गॅरेज — म्हणून आलात ना? दिवा तुमीच पेटवलात साहेब, तुमच्याच हातानं. आणि त्याच्यासाठी मार खाणार होती ती. — काय? गाडी तुमची? हो, गाडी तुमची. बोटं कुणाची?

डबा बघून ती आधी रडली पण नाय. त्या टायरवर बसली आणि म्हणाली, म्हणजे दीपानं सांगितलं नव्हतं. दीपा म्हणजे तिची बहीण, तुमाला माहीत हाय. मन मोकळं करायला एक तीच, ते पण गाडीत बसून, फोनवर. आणि घरी पोचली की तुमाला शब्द न् शब्द ठाऊक. पोटात लाथ घालायची आणि तिचंच बोलणं तिला म्हणून दाखवायचं — काय माणूस हाय हो तुमी! तिला वाटलं बहीणच फितूर झाली. बोलणं टाकलं तिनं बहिणीशी. मी माझ्या फोनवरून लावून दिला, तेव्हा रडली. दोघी नुसत्या रडत होत्या, मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

मग नाय जाऊ दिली घरी. कशी जाऊ देणार? आपल्या भरवशाच्या प्रतापच्या रिक्षात बसवली, आता सुखरूप हाय, जेवली पण. तुमी यायच्या जरा आधीच फोन आलेला, तिला ताट वाढलं तर म्हणते मासे नको, साधा वरणभात असला तर द्या — आमची ठकी आत्या हसून हसून बेजार, म्हणते सातपाटीत येऊन वरणभात मागणारी ही पहिलीच, आख्ख्या आळीतल्या बायका जमल्या तिला बघायला —

काय?

काय हसतोस? ए — काय हसतोस? मी काय बोललो — आयला. आयला, बोललो मी. बंद कर तोंड. बंद कर, नायतर दुसरा गुडघा पण फोडीन, हा बघ रॉड, पोलीस येऊ देत नायतर कोण पण येऊ दे — अजून हसतोय! घे. — ओरड, ओरड, ऐकायला कोणी नाय आज.

फोन — फोन कुठं — रक्तानं स्क्रीन चालत नाय... हॅलो, आत्या? आत्या, ऐक, तिला उठव ताटावरून. आताच्या आता. काय झालं ते विचारू नको, मी गावाचं नाव बोललो, माझ्याच तोंडानं, त्याला कळलं कुठं हाय ती. बांधलाय गं, पण कितीसा वेळ? पोलीस नेतील, उद्या सुटेल, साहेब माणूस हाय. रस्त्यानं नको जाऊ, होडी काढायला सांग कुणाला तरी. हां. हां, तू पण जा तिच्याबरोबर. कुठं? — नको! नको आत्या, मला सांगू नको. मला पण सांगू नको. ठेव. ठेव फोन.

झालं. आता काय विचारायचं ते विचार.